आजोबांना पाणीसुद्धा विचारलं नाही!

काय दिवस आले आहेत बघा! दहा वर्षांचा जुना सिनेमा. लांबी तीन तासांना अकरा मिनिटं कमी. गाणं एक नाही, नाच नाही, विनोदाचं खातं सांभाळायला गोदरेजच्या कपाटासारखा एक यंत्रमानव, आणि हे सगळं घरच्या टीव्हीवर तंगड्या पसरून कधीही बघता येण्यासारखं. तरी तो थेटरात बघायला चांगल्या घरातली मुलं सकाळच्या पहिल्या शोला अंघोळी उरकून हजर! आईने सत्यनारायणाला लवकर ऊठ म्हटलं असतं तर याच मुलांचं अंग मोडून आलं असतं. बरं, गेली तर गेली. परत आली ती डोळे सुजवून. सिनेमा कशावर होता म्हणून विचारलं तर म्हणे भौतिकशास्त्रावर. भौतिकशास्त्राने डोळे सुजायचे ते आमच्या वेळी निकालाच्या दिवशी.

तर मंडळी, हा 'इंटरस्टेलर'. ख्रिस्तोफर नोलनचा. 2014 च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा लागला तेव्हा निम्म्या लोकांना कळला नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी कळल्याचं सोंग आणलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत दोन्ही गट वाढत गेले. मग दशकपूर्तीचं निमित्त काढून 2024 च्या डिसेंबरात तो अमेरिकेत पुन्हा पडद्यावर आला, आणि आपल्याकडे जो तमाशा झाला तो विचारूच नका. कारण त्याच आठवड्यात 'पुष्पा 2' लागणार होता आणि आयमॅक्सचे पडदे त्याने आधीच अडवून ठेवले होते. झालं! एकीकडून रसिकतेचा खून झाल्याची बोंब, दुसरीकडून गोऱ्यांचं कौतुक पुरे झालं म्हणून टोमणे. हिंदीतल्या एका तारकेनेही मध्ये पडून 'पुष्पा'ची बाजू घेतली. चंदनतस्कर आणि अंतराळवीर यांच्यात एका पडद्यावरून भाऊबंदकी लागेल हे आइन्स्टाइनच्याही समीकरणात नव्हतं. शेवटी 7 फेब्रुवारी 2025 ला इथे मुहूर्त लागला. आठवड्याभरासाठी आला, खुर्च्या भरभरून गेल्या आणि मार्चमध्ये लोकाग्रहास्तव परत आला.

त्यातही सोवळेओवळे आहेतच. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते म्हणाले, हा खरा आयमॅक्स नव्हेच. खरा म्हणजे 70 मिलिमीटरच्या फिल्मवरचा, उंचच्या उंच चौकटीचा. तशी फिल्म चालवणारा आयमॅक्स प्रोजेक्टर भारतात आज एकही नाही. आपल्याला दिसते ती डिजिटल आवृत्ती, वरून-खालून थोडी छाटलेली. हे ऐकून तिकीट मिळालेल्यांचं तोंड असं काही उतरलं की मला त्यांची खरंच दया आली. एवढे पैसे मोजून कृष्णविवर बघायचं आणि तेही छाटलेलं!

कथा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पृथ्वीवर धुळीची वादळं, पिकं एकेक करून मेलेली, उरलाय तो मका. कूपर नावाचा विधुर वैमानिक नाइलाजाने शेती करतो. घरात सासरा, थोरला टॉम आणि दहा वर्षांची मर्फ. मर्फच्या खोलीतल्या कपाटातून पुस्तकं आपोआप खाली पडतात. त्या भुताटकीतून नासाचा पत्ता निघतो, शनीजवळ कुणीतरी वर्महोल उघडून ठेवल्याचं कळतं, आणि कूपर मानवजातीला नवं घर शोधायला निघून जातो. मर्फ रुसून बसते. पुढे काय होतं त्यावरच सगळी भांडणं.

सुरुवातीलाच एक गोष्ट घडते जिच्याबद्दल आपल्या देशभक्तांनी अवाक्षर काढलेलं नाही, याचं मला नवल वाटतं. कूपर मुलांना घेऊन मोटारीने मक्याच्या शेतातून एका ड्रोनचा पाठलाग करतो. तो ड्रोन कुणाचा? भारतीय हवाई दलाचा! दिल्लीतला नियंत्रण कक्ष दहा वर्षांपूर्वी बंद पडला, तरी आपला ड्रोन सूर्याच्या ऊर्जेवर एकटा इमानेइतबारे उडतोय. आणि हा गृहस्थ तो खाली उतरवून त्याचे सुटे भाग शेतीच्या यंत्रांसाठी काढून घेतो. मर्फ म्हणते, सोडून देऊ या, तो कुणाला त्रास देत नाहीये. बाप ऐकत नाही. या सिनेमात आपल्या देशाचं योगदान एवढंच, तेही चोरीला गेलेलं.

आमच्या मजल्यावर या सिनेमावरून सरळ दोन तट पडले आहेत. गणितवाले आणि रडवाले. गणितवाल्यांचा म्होरक्या माझा भाचा. तो एरवी भाजीवाल्याला सुटे किती परत मागायचे हेही फोनला विचारतो. पण मिलरच्या ग्रहाचा विषय निघाला की त्याच्या अंगात येतं.

मिलरचा ग्रह म्हणजे गार्गान्टुआ या महाकाय कृष्णविवराच्या अगदी काठावरचा. गुरुत्व इतकं की तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची 7 वर्षं. ही मंडळी तिथे उतरतात, गुडघाभर पाण्यात चालतात, समोर डोंगर दिसतो आणि तो डोंगर नसून लाट असते. त्या गडबडीत पृथ्वीवर 23 वर्षं उलटतात. या प्रसंगाला हान्स झिमरने जे संगीत दिलंय त्यात घड्याळासारखे ठोके पडत राहतात, सव्वा सव्वा सेकंदाने. आणि चाहते म्हणतात, एक ठोका म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस. ऐकून थेटरभर काटा येतो.

भाच्याने पॉपकॉर्नच्या पिशवीवर हिशोब मांडला. सात वर्षं म्हणजे साधारण 2557 दिवस. तासाचे सेकंद 3600. भागाकार केला की एका दिवसाला येतात 1.4 सेकंद. ठोका मात्र 1.25 चा. म्हणजे एका ठोक्यात जातात सव्वाएकवीस तास. मी म्हटलं, "मग रोजचे उरलेले पावणेतीन तास कुणी खाल्ले रे?" तर म्हणतो, "मावशी, तुला कलेतलं काही कळत नाही." बघा, आत्तापर्यंत विज्ञान होतं, भागाकार चुकल्याबरोबर कला झाली.

पण याच हिशोबाने मला एक शस्त्र मिळालं आणि मी ते सोडणार नाही. नासाने पुढे धाडलेल्या शास्त्रज्ञ मिलरबाई तिथे दहा वर्षांपूर्वी गेल्या होत्या आणि तेव्हापासून ग्रहावरून 'सगळं ठीक' असा संदेश येत होता, म्हणून ही सगळी यातायात. आता दहा वर्षांना सातने भागा. दीड तासही होत नाही! म्हणजे बाई उतरून तिथल्या घड्याळाने पुरते दीड तासही झालेले नाहीत, आणि जो संदेश दहा वर्षं येतोय तो तेवढ्या वेळातला रेंगाळलेला एकच. हे गणित सातवीतलं पोर करील. नासाचे हे दिग्गज दोन वर्षं झोपून शनीपर्यंत गेले, वर्महोलमधून पलीकडे निघाले, फळ्यावर आकृत्या काढून वाद घातले, आणि हे त्यांच्या लक्षात कधी आलं? पाण्यात पाय बुडाल्यावर! कूपरच्या सहप्रवासी अमेलिया ब्रँडला तेव्हा उमगतं की मिलर कदाचित काही मिनिटांपूर्वीच मेली असेल. माझ्या जाऊबाई इतक्या मोठ्याने "अगं बाई!" म्हणाल्या की पुढच्या रांगेतल्या मुलाने वळून बघितलं.

दुसरी शंका समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त अभियंत्यांची. पृथ्वी सोडताना यांना मोठा थोरला अग्निबाण लागतो, टप्पे गळतात, धूर, ज्वाळा, सगळा थाट. आणि मिलरच्या ग्रहावर गुरुत्व पृथ्वीच्या सव्वापटीहून जास्त, तिथून मात्र तेच छोटं यान ओल्या इंजिनाने स्वतःच्या बळावर भुर्रकन वर! यावर गणितवाल्यांकडे उत्तर नाही. ते म्हणतात, तेवढं सोडून द्या. रडवाल्यांनी प्रेमाबद्दल बोलायला तोंड उघडलं की यांना प्रत्येक वाक्याला पुरावा हवा असतो, आणि यांच्या यानाची वेळ आली की तेवढं सोडून द्या.

बरं, हे सगळं थापाड्यांचं काम म्हणून झटकून टाकावं तर तीही सोय नाही. या सिनेमामागे उभे आहेत किप थॉर्न, कॅलटेकचे नाणावलेले भौतिकशास्त्रज्ञ. आणि इथे थोडी आतली गोष्ट सांगते. सिनेमाची मूळ कल्पना थॉर्न आणि निर्मात्या लिंडा ओब्स्ट यांची. या दोघांची पहिली भेट 1980 मध्ये घालून दिली होती कार्ल सेगन यांनी, आणि ती साधीसुधी भेट नव्हती, ब्लाइंड डेट होती! सोयरीक जमली नाही, मैत्री टिकली, आणि त्यातून पाव शतकाने अंतराळाचा सिनेमा निघाला. आधी तो स्पीलबर्ग करणार होते, पटकथेला त्यांनी जोनाथन नोलनला घेतलं. पुढे स्पीलबर्ग बाहेर पडले आणि बाड घरातल्या घरात थोरल्या भावाच्या हाती आलं.

थॉर्न यांची अट होती की सिद्ध झालेल्या नियमांना धक्का लागता कामा नये. नोलनने प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं काहीतरी घालायचा हट्ट धरला तेव्हा थॉर्न दोन आठवडे त्याची समजूत काढत होते. तासाला 7 वर्षांचा हट्ट मात्र नोलनने सोडला नाही. थॉर्न यांना आधी ते अशक्य वाटलं. मग त्यांनी आकडेमोड केली आणि निघालं की विवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल शक्य वेगाने गरगरत असेल तर जमतं. कमाल वेगापेक्षा किती कमी? शंभर लाख कोटींत एक भाग. घरच्या हट्टी माणसापुढे असंच करावं लागतं, नियम मोडायचा नाही आणि त्याचंही मोडायचं नाही.

त्या गार्गान्टुआचं चित्र तर खरोखर पायरी ओलांडून गेलं. लंडनच्या डबल निगेटिव्ह कंपनीने थॉर्न यांची समीकरणं घेऊन संगणकाला कामाला लावलं; काही चौकटींना एकेकीला शंभर तासांपर्यंत लागले. त्यातून शोधनिबंध निघाला, ऑस्कर मिळालं. आणि आता ऐका यातली मेख. खऱ्या विवराभोवती फिरणाऱ्या तेजस्वी कड्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, ती लख्ख दिसते. दुसरी दूर जात असते, ती मंद. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-पिएर लुमिने यांनी 1979 मध्ये हे गणिताने काढून, कागदावर हाताने ठिपके देऊन दाखवलं होतं. नोलनच्या मंडळींनाही ठाऊक होतं. पण प्रेक्षक गोंधळतील म्हणून त्यांनी दोन्ही बाजू सारख्या उजळवून टाकल्या! 10 एप्रिल 2019 ला एम-87 दीर्घिकेतल्या विवराची खरी प्रतिमा जगाने पाहिली, तर ते कडं एका अंगाला ठळक आणि दुसऱ्या अंगाला फिकट. भाच्याला हे सांगितल्यापासून तो माझ्याशी तुटक बोलतो.

त्याला मी आणखी एक प्रश्न टाकला होता: हिंगोली कुठे आहे? "मराठवाड्यात कुठेतरी," म्हणाला. थॉर्न यांना 2017 मध्ये नोबेल मिळालं ते ज्या लायगोसाठी, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या त्या महायंत्राचं भारतातलं भावंड हिंगोली जिल्ह्यात होतंय. औंढा नागनाथच्या परिसरात, जिथे आजवर लोक ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जात. चार चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले सुमारे 2600 कोटी रुपये. गोंगाटातून लहरीची खूण वेगळी काढण्याची पद्धत बसवण्यात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधरांचा मोठा वाटा. पण तिथे जायला सकाळी अंघोळ कोण करणार? तिथे पॉपकॉर्न मिळत नाही.

आणि कृष्णविवर मराठीला नवं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हेही ऐकावं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत कुणा नारायण विनायक जगताप यांची कथा आली. नाव 'कृष्णविवर'. पहिलं बक्षीस. नंतर उघड झालं की असे कुणी जगताप नाहीतच! आद्याक्षरं उलटी वाचा: ना. वि. ज. चे ज. वि. ना. होतात. साक्षात जयंत विष्णु नारळीकर खोट्या नावाने स्पर्धेत उतरले होते, नावाच्या वजनाने परीक्षक वाकू नयेत म्हणून. एवढा मोठा माणूस आणि टोपणनावाने! नोलनच्या चाळीस वर्षं आधी आपल्याकडे हे असं सगळं चाललेलं होतं.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. काळवेळाचं गणित सोडा, हा सिनेमा मुळात घरगुती भानगडींचा आहे, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

पहिली भानगड: टॉम. सगळे म्हणतात, बापलेकीची कथा. अहो, त्याला मुलगाही होता! लहानपणीचा टॉम झालाय तिमोथी शालामे, ज्याच्यासाठी आज जगभरच्या मुली जीव टाकतात. बाप जाताना मर्फच्या पायाशी लोळण घेतो आणि टॉमला मोटार देऊन मोकळा होतो. मिलरच्या ग्रहावरून परतल्यावर कूपर 23 वर्षांचे साठलेले निरोप बघतो, तो अख्ख्या सिनेमातला सर्वांत मोठा प्रसंग. ना लाट, ना स्फोट; कूपर झालेल्या मॅकॉनहेचा चेहरा आणि एक पडदा. पण निरोप कुणाचे असतात? बहुतेक टॉमचेच! मर्फ रागाने अबोला धरून बसलेली. टॉम सांगतोय, मुलगी आवडली, लग्न झालं, बाळ झालं. बाळ गेलं. आजोबा गेले. शेवटी म्हणतो की बायको म्हणते आता तुम्हाला मनातून सोडून द्यायला हवं. म्हणजे इतकी वर्षं न थकता बापाला पत्र पाठवणारा हा पोरगा. आणि सिनेमाच्या शेवटी कूपर परत येतो तेव्हा मर्फ कुठे, शेत कुठे, तो यंत्रमानव टार्स कुठे, सगळ्याची चौकशी होते. टॉमचं नाव तरी निघावं? नाही! तो जगला, मेला, कुणाच्या तोंडून एक अक्षर नाही.

वर बहिणीचा प्रताप बघा. टॉमने घर सोडावं म्हणून तिने त्याच्या उभ्या पिकाला आग लावली! तो आग विझवायला धावला तेवढ्यात ही घरात घुसून घड्याळाच्या काट्यातून आलेला बापाचा निरोप वाचत बसली. मानवजात वाचली, मान्य. पण भावाचं शेत गेलं, त्याचा पंचनामा? (खरं शेत मात्र वाचलं. नोलनने कॅनडात आल्बर्टामध्ये 500 एकरांवर खरोखरचा मका पेरून घेतला होता, आणि चित्रीकरणानंतर तो विकून नफाही काढला. आपल्याकडच्या शेतकऱ्याने हे वाचू नये.)

दुसरी भानगड: कूपरचा सहप्रवासी रोमिली. बाकीचे खाली लाटेशी खेळत होते तेव्हा हा बापडा वर मुख्य यानात एकटा. दार उघडतो तेव्हा दाढी पांढरी. किती वेळ झाला म्हणून विचारतात, तर 23 वर्षं 4 महिने 8 दिवस. त्यावर काय? "माफ कर", "झोपला का नाहीस?", आणि पुढच्या ग्रहाची चर्चा सुरू! माणूस 23 वर्षं तुमच्यासाठी थांबला, त्याला बसवून दोन शब्द बोलाल की नाही? थोड्याच वेळात, दुसऱ्या ग्रहावर आधीच गेलेल्या लबाड डॉ. मानच्या सापळ्यात स्फोटात जातो बिचारा. थेटरात कुणी हळहळलं नाही. मी मात्र हळहळले.

आणि तिसरी भानगड तर माझ्या डोक्यातून जातच नाही. कूपर 124 वर्षांचा होऊन परततो, दिसायला तरणाताठा. मर्फ मरणशय्येवर, वृद्ध. भोवती तिची मुलं, नातवंडं, पतवंडं, खोली भरलेली. हा दारातून आत येतो. म्हणजे नात्याने कोण? मर्फच्या मुलांचा सख्खा आजोबा! ज्याच्या कथा ऐकत ही मंडळी वाढली, ज्याच्या घराचं त्यांच्या अंतराळ-वसाहतीत स्मारक करून ठेवलंय. आता आपल्याकडे असतं तर? पायांवर लोटांगणं, "आजोबा, इतके दिवस होतात कुठे", चहा टाका, कुणीतरी रडायला लागलंय, कुणीतरी फोटो काढतंय. इथे? बाजूला सरून वाट दिली. एकाने नमस्कार केला नाही, हात मिळवला नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही! मर्फशी दोन मिनिटं बोलणं, मग तीच म्हणते की आपलं मूल मरताना कुठल्या आईबापाने बघू नये, तुम्ही जा. आणि हा जातो! नातवंडांकडे वळूनही न बघता! माझ्या शेजारी जाऊबाई रुमालात तोंड घालून हुंदके देत होत्या. मी म्हटलं, "अहो, रडताय काय, आधी यांचं घराणं बघा!"

बरं, रडवाल्यांचीही आता खबर घेऊ. त्यांचं तीर्थस्थान म्हणजे अमेलियाचं प्रेमावरचं भाषण. इंधन एकाच ग्रहापुरतं, जायचं मानकडे की तिसऱ्या ग्रहावर गेलेल्या एडमंड्सकडे? एडमंड्सवर तिचं प्रेम. ती म्हणते, प्रेम ही काळाच्या आणि जागेच्या पलीकडची खूण असेल, तिच्यावर विश्वास ठेवू या. कूपर तिला सरळ झिडकारतो. गणितवाले इथे डोळे फिरवतात. मला ते भाषण लांबलेलं वाटतं, आणि नोलनची खोड हीच की जिथे चेहरा पुरेसा आहे तिथे तो व्याख्यान ठेवतो. पण मंडळी, शेवटी बरोबर कोण निघालं? एडमंड्सचाच ग्रह राहण्याजोगा निघाला! रडवाले यावर विजयी मुद्रेने बघतात. मी त्यांनाही सोडलं नाही. तीन ग्रह होते. एकावर लाट, दुसऱ्यावर लबाड. कथा संपवायची तर तिसऱ्यावर हवा चांगली निघणं भागच होतं. यात प्रेमाची सरशी झाली की पटकथेची, हे नोलनने अगदी हुशारीने मोघम ठेवलंय. आणि तिच्यावर पक्षपाताचा ठपका ठेवणारा कूपर स्वतः काय करत होता? त्याला लवकर घरी जायचं होतं! तिचं प्रेम म्हणजे भावना, याचं प्रेम म्हणजे नियोजन. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी हे लगेच ओळखलं.

आता तो शेवटचा कपाटामागचा गोंधळ. कूपर विवरात पडतो आणि जाऊन पोचतो थेट मर्फच्या खोलीच्या मागे, जिथे तिच्या आयुष्यातला प्रत्येक क्षण कपाटांच्या रांगेसारखा मांडलेला. भूत भूत म्हणत होती ते हेच! तिथून तो पुस्तकं पाडून 'थांब' असा निरोप देतो. बाप थांबत नाही, कारण तो थांबला नव्हता. मग हाच माणूस त्याच जागेवरून धुळीत आकडे उमटवून नासाचा पत्ताही स्वतःलाच पाठवतो! एका हाताने 'जाऊ नको' आणि दुसऱ्या हाताने पत्ता. भाचा म्हणाला, हे बंद वर्तुळ आहे, यात विरोध नाही. अभियंते काका म्हणाले, मग वर्महोल कुणी उघडला? भविष्यातल्या माणसांनी. ती माणसं वाचली कशामुळे? वर्महोलमुळे. यावर दोघे रात्री साडेअकरापर्यंत जिन्यात भांडले आणि खालच्या मजल्यावरून सूचना आली तेव्हा थांबले.

मला त्यातला एक तोडगा बरा वाटतो. ही भविष्यातली माणसं पृथ्वीवाल्यांची वंशज असायलाच हवीत असं कुठे आहे? ती एडमंड्सच्या ग्रहावर वाढलेल्यांची असतील. म्हणजे पृथ्वी गेलीच असती, पण तिकडची पिढी पुढे जाऊन मागच्यांसाठी वाट उघडून ठेवते. तिथेही आधी पोचायचं कसं हा प्रश्न उरतोच, पण निदान घराण्याचा संशय दुसऱ्यावर जातो. जोनाथन नोलनच्या मूळ मसुद्यात म्हणे हे सगळं सुखान्त नव्हतंच. कूपरने माहिती पाठवायचा प्रयत्न केला की वर्महोल कोसळत असे. थोरल्या भावाने कपाट आणलं आणि थेटरांना टिश्यू पुरवावे लागले.

मात्र एडमंड्सच्या त्या ग्रहाचा विचार कुणी नीट केलेला नाही. अमेलिया तिथे एकटी पोचलेली. तिच्याजवळ काय? 'प्लॅन बी'. गोठवलेले पाच हजारांवर मानवी गर्भ! पहिली खेप यंत्रातून वाढवायची, ती पोरं मोठी झाली की त्यांच्याकरवी पुढची, असा नासाचा बेत. कागदावर फार छान. पण पहिल्या दहा तान्ह्यांच्या रात्रीच्या रडण्याला उठायचं कुणी? दात येणार, ताप येणार, एकाला गोवर झाला की दहांना होणार. सुईण नाही, आजी नाही, धुण्याला बाई नाही, आणि वरणभात लावावा तर डाळ कुठल्या ग्रहावरून आणायची? एडमंड्स तर आधीच दगडाखाली गेलेला. आणि मदतीला कोण निघालंय? कूपर! यान चोरून, टार्सला बगलेत मारून. स्वतःची दोन धड सांभाळली नाहीत, सासऱ्याच्या गळ्यात घालून गेला, त्यातल्या एकाचं तर नावही विसरला, आणि आता निघालाय पाच हजारांचा बाप व्हायला! जाऊबाईंचं म्हणणं, तो पोचायच्या आत कुणीतरी त्या बाईला निरोप पाठवायला हवा. पुस्तकं पाडून का होईना.